खालचं टोक

"मिस्त्री, गिऱ्हाइकाचा सोफा आहे तो. उठा बरं."

चिडली की ती नवऱ्याला मिस्त्री म्हणायची. सगळी गल्ली त्याला याच नावाने हाक मारायची, पण तिच्या तोंडून ते आलं की तो मुकाट्याने उठायचा. आज उठला नाही. नव्या कापडावर आडवा पडून राहिला, डोळे मिटून.

दोघांचं सोफे दुरुस्त करायचं दुकान होतं. लाकूड, स्प्रिंगा, खिळे त्याच्याकडे. कापड आणि शिलाई तिच्याकडे. सकाळी गिऱ्हाइकाच्या घरून हाच सोफा जिन्याने उतरवताना त्याचा पाय घसरला होता. खालचं टोक त्याच्या हातात होतं. खाली वजन जास्त येतं म्हणून ते टोक तो कधी तिला धरू द्यायचा नाही. सोफ्याचा हात त्याच्या डाव्या बरगड्यांखाली बसला. त्याने क्षणभर श्वास रोखला, सोफा वळवून बघितला आणि म्हणाला, "याला काही झालं नाही. चल."

"आणि तुम्हाला?"

"मुका मार आहे गं. जाईल."

मग दुपारपर्यंत तो खिळे ठोकत होता. जेवायच्या वेळी नको म्हणाला, तेव्हा ती थोडी चरकली. पण संध्याकाळी सोफा पोहोचवायचा होता आणि पाठीची शिलाई अजून बाकी होती.

"डावा खांदा धरलाय," तो पडल्या पडल्या म्हणाला. "गंमत बघ, मार लागला खाली आणि दुखतोय खांदा."

तिने मशीन थांबवलं. बामची बाटली शोधली आणि सोफ्याच्या कडेला बसून त्याचा खांदा चोळायला लागली. आधी जरा रागातच, मग हळू.

"हं, तिथेच," तो म्हणाला. "बरं वाटतंय."

"वय झालं आता. ओझी उचलायची हौस पुरे."

"पाणी दे थोडं."

तिने दिलं. तो ते घटाघटा प्यायला आणि त्याने पुन्हा मागितलं. पुन्हा प्यायला आणि पेला तिच्यापुढे धरला.

"पोटात विहीर खणलीये की काय," ती म्हणाली. तो हसला, पण हसू ओठांपर्यंत येऊन तिथेच राहिलं. ओठ पांढरे पडले होते. तिने त्याच्या मानेवर हात ठेवला. मान घामाने ओली होती आणि गार होती. एवढा घाम, आणि अंग गार.

"अहो," ती म्हणाली.

तिच्या आवाजातला बदल त्याला कळला असावा. "उठतो, उठतो," म्हणत तो कोपरावर जोर देऊन बसला. तिच्याकडे बघता बघता त्याची नजर सुटली आणि तो तिच्या खांद्यावर कलंडला.

शेजारच्या झेरॉक्सवाल्याने गाडी काढली. मागच्या सीटवर त्याचं डोकं तिच्या मांडीवर होतं. मध्येच तो शुद्धीवर आला.

"अंधारून आलंय का गं?"

समोरच्या काचेवर ऊन इतकं होतं, की झेरॉक्सवाला डोळे बारीक करून गाडी चालवत होता.

"हो," ती म्हणाली. "आभाळ भरलंय."

"मग सोफा झाकून ने. नवीन कापड आहे."

"झाकते."

त्यानंतर तो काही बोलला नाही.

हॉस्पिटलच्या दारातच त्याला स्ट्रेचरवर घेतलं. "बीपी लागत नाहीये," कुणीतरी म्हणालं. "शीर सापडत नाही, दुसरा हात बघा." मग दार लागलं. ती बाहेरच्या बाकावर बसली. झेरॉक्सवाला एरवी गल्लीत कुणाला बोलू द्यायचा नाही. आता तिच्या शेजारी बसून तो नुसता गाडीची किल्ली चाचपत राहिला.

बऱ्याच वेळाने डॉक्टर बाहेर आली. वयाने त्यांच्या मुलीएवढी असेल. उभ्याने न बोलता ती बाकावर तिच्याजवळ बसली.

"पोटात डाव्या बरगड्यांखाली प्लीहा असते, ती फाटली होती. सकाळपासून आत रक्त साठत गेलं. आम्ही रक्त चढवलं, ऑपरेशनला घेतलं. पण हृदय थांबलं. पुन्हा चालू करायचा खूप प्रयत्न केला. नाही झालं."

तिने मान हलवली, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल ऐकत होती.

"बाहेर तर एक थेंब नव्हता."

"नसतो. सगळं आतच होतं."

"खांदा दुखतोय म्हणाले. मी खांदा चोळत बसले."

"पोटात रक्त साठलं की कधी कधी खांदा दुखतो. घरच्यांना ते कसं कळणार?"

"बरं वाटतंय म्हणाले. चोळल्यावर."

"वाटलं असेल," डॉक्टर म्हणाली आणि तिच्या हातावर हात ठेवून उठली.

सिस्टरने कपड्यांची पिशवी आणून दिली. वरच त्याचा शर्ट होता. बटणं सगळी लावलेली आणि त्यांच्या बाजूने, गळ्यापासून खालपर्यंत, कात्री चालवलेली.

"बटणं काढायला वेळ नव्हता, मावशी," सिस्टर म्हणाली. "कापावा लागला."

तिने शर्ट मांडीवर पसरला. दोन्ही कडा एकमेकींजवळ आणल्या, वरपासून खालपर्यंत बोटांनी जुळवत नेल्या.

"सरळ कापलाय," ती म्हणाली. "शिवता येईल."