आत माणूस आहे

बॅटरीच्या खोलीतून धूर येताच डेटा सेंटरचे सगळे कर्मचारी आवारात जमले. मॅनेजर दीक्षित म्हणाले, "मेन स्विच पाडा, मॅडम. आत माणूस नाही."

दारं विजेवर उघडतात, म्हणून आत माणूस असेपर्यंत वीज तोडायची नाही, हा नियम अग्निशमन अधिकारी हेमलता तांडेल यांनीच सगळ्यांकडून घोकून घेतला होता. त्यांनी माईकवर हजेरी सुरू केली.

"यशोदा भोपी?"

"हजर!" आतल्या सर्व्हरमधून आवारातल्या स्पीकरवर उत्तर आलं. "फार गरम होतंय गं, पोरी."

"अहो, ती बाई मरून सहा वर्षं झाली!" दीक्षित ओरडले. "सर्व्हरवर चालणारी तिच्या मेंदूची नक्कल आहे नुसती. वीज गेली की संपली."

"मग दुसऱ्यांदा कशाला मारताय?" पावडरचा सिलिंडर उचलून हेमलता दारातून आत शिरल्या. "आता मी आत आहे, दीक्षित. बघू, कोण स्विचला हात लावतो!"