सरकणारी सीट

"सीट पुढे सरकते," वसंत म्हणाला. "तेवढा एकच दोष आहे. आधीच सांगून ठेवतो."

मार्तंडरावांनी मान हलवली आणि लाल मारुतीभोवती आणखी एक चक्कर मारली. गाडी बघायला ते महाल भागातून आले होते. वसंतचे वडील बळीराम गजभिये वारल्यापासून गाडी नंदनवन वस्तीतल्या घरासमोर कडुलिंबाखाली तशीच उभी होती. टपावर लिंबाचा बारीक मोहर साचला होता. व्यवहार आज उरकायचा होता, कारण वसंतला उद्या भिलाईला नोकरीवर परतायचं होतं. घरात आता गाडी चालवणारं कोणी नाही, असं त्यानं सकाळीच आईला सांगितलं. मोठी बहीण प्रेमिला तिथंच बसली होती.

"ताईजवळ लायसन आहे नं," आई म्हणाली.

"लायसन तर कपाटातही राहते," वसंत म्हणाला.

खरंच होतं ते. सीताबर्डीला एका जुन्या फियाटवर प्रेमिला गाडी शिकली होती. लायसन हातात आलं त्या दिवशी तिनं ते बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून ते दोन्ही बाजूंनी पाहिलं, झकास म्हणाले आणि परत दिलं. आता किल्ली देतील, असं तिला वाटलं. त्या दिवशी वाटलं, पुढच्या रविवारी वाटलं, मग वाटेनासं झालं. मागून घेणं तिच्या स्वभावात नव्हतं.

बाबांचं सगळं आयुष्य खापरखेड्याच्या वीज केंद्रात गेलं. कंट्रोल रूममध्ये बसून काटे जागच्या जागी आहेत ना, एवढंच पाहायचं. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही गाडी घेतली आणि पहिल्यांदाच त्यांना काटा हलवायला मिळाला. रविवारी ते प्रेमिलाला घेऊन काटोल रोडला निघत. वस्ती मागे पडली की गाडी हलकी व्हायची. अॅम्बॅसडर, ट्रक, एस.टी. एकेक करून मागे राहत. संत्र्यांच्या बागा खिडकीतून हिरव्या पाण्यासारख्या वाहत जात. प्रेमिला डोळे मिटून घ्यायची. मिटल्या डोळ्यांआड स्टिअरिंग तिच्या हातात असायचं. वळण आलं की तिचा पाय आपोआप खाली दाबला जायचा. रस्ता संपायचा नाही, उन्हाला संत्र्याच्या फुलांचा वास यायचा, आणि शेजारी बसलेले बाबा खिडकीबाहेर बघत काहीतरी गुणगुणत असायचे.

"तुयी उजवी चप्पलच काहून झिजून राहिली वं?" एकदा त्यांनी विचारलं होतं.

ती हसली होती. तेही हसले होते. किल्ली त्यांच्याच खिशात राहिली.

घरी परतल्यावर ते इंजिन बंद करत आणि तसेच गाडीत बसून राहत. प्रेमिला पिशवी घेऊन आत जाई. ते रुमालानं काट्यांची काच पुसत, खाली वाकून काहीतरी करत, मग कधीतरी आत येत. यायले घरी येवाचं मनच होत नाही, असं आई ऐकवायची. आयुष्यभर खुर्ची न सोडलेल्या माणसाला हीसुद्धा सोडवत नाही, असं प्रेमिलाला वाटायचं. खुर्चीची गोष्ट त्यांनीच जेवताना कितीदा सांगितली होती. पाळी संपली तरी खुर्ची रिकामी ठेवायची नाही, हा कंट्रोल रूमचा रिवाज. जाणाऱ्यानं काचा पुसायच्या. येणारा ठेंगणा असेल तर खुर्ची टेबलाशी ओढून ठेवायची आणि वाट पाहत बसायचं. 'घे' म्हणायचं नाही. म्हटलं तर माणूस कामाला कंटाळला असं दिसतं. येणाऱ्यानं शेजारी उभं राहून 'उठा भाऊ' म्हणायचं, मगच उठायचं. एकदा धोंडबा तोंडात खर्रा भरून आला. त्याला बोलता येईना आणि हे उठेनात. शेवटी तो बाहेर जाऊन थुंकून आला. ही गोष्ट सांगताना बाबांच्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसू यायचं.

वसंतनं बॉनेट उघडलं.

"ताई, जरा चालू कर," तिच्या हातात किल्ली देत तो म्हणाला.

प्रेमिला दार उघडून आत बसली. त्या बाजूनं ती गाडीत पहिल्यांदाच बसत होती. बाहेर सगळीकडे धूळ होती, काट्यांची काच मात्र लख्ख होती. तिनं क्लच दाबला. तो पूर्ण खाली गेला. ब्रेकही पायाखाली नीट आला. तिनं वर पाहिलं. आरशात मागची काच होती, काचेपलीकडे फाटक होतं, सगळं चौकटीत बसलेलं. बाबा सहा फूट उंच होते. ती त्यांच्या खांद्याला लागायची.

वसंत सुट्टीत आला की गाडीत बसताना त्याचे गुडघे आपटायचे. सीट दुरुस्त करून घ्या, म्हणून तो बाबांवर करवादायचा. राहू दे गा, एवढंच ते म्हणायचे.

प्रेमिलानं पाय रोवून सीट मागे ढकलली. सीट हलली नाही. तिनं खालची पट्टी ओढली, सीट मागे नेली, पुन्हा पुढे आणली. खट्कन आवाज झाला आणि सीट पुन्हा घट्ट बसली.

इंजिन चालू न करताच ती बाहेर आली. वसंतनं किल्लीसाठी हात पुढे केला.

"काय झालं, ताई?"

"सीट सरकत नाही," ती म्हणाली.

किल्ली तिनं मुठीतच ठेवली. मार्तंडराव दोघांकडे पाहत राहिले. प्रेमिला उघड्या दाराला धरून रिकाम्या सीटशेजारी सरळ उभी राहिली.

"उठा बाबा," ती म्हणाली.