मालिकेतला मेलेला मुलगा

गंगाधर गुरुजींच्या आल्हादनं परजातीत लग्न केलं, तेव्हा "मुलगा आम्हाला मेला," असं त्यांनी अख्ख्या गल्लीला ऐकवलं. तेव्हापासून त्याच्या आईला, मालिनीबाईंना, साडेसातच्या मालिकेचाच काय तो विरंगुळा उरला होता. आज मात्र मालिकेतला थोरला मुलगाच गाडीसकट दरीत कोसळला आणि बाईंनी डोळ्यांना पदर लावला.

"अगं, रडतेस काय?" गुरुजी आमटी भुरकत म्हणाले. "तीस वर्षं रामकुंडावर दहाव्याचे विधी करतोय मी. पिंडाला कावळा शिवलेला दाखवला का? नाही ना? मग दिवाळीच्या आत येतोय बघ तो परत!"

मालिनीबाईंनी डोळे पुसले.

 

"मग आपल्या आल्हादचा तरी कुठं शिवलाय कावळा? रविवारी जेवायला बोलावते दोघांना."