मुरलेला मोहर

"चेरीच्या मोहराची खरी चव जाणणारा या अख्ख्या युनायटेड किंग्डममध्ये एकच माणूस आहे, आणि तो वेम्बलीत राहतो," असं डॉक्टर चंद्रशेखर दिघे यांनी जाहीर केलं आणि बिस्किट चहात बुडवलं. अर्धं बिस्किट तुटून तळाशी गेलं. पुढची दोन मिनिटं तो एकमेव माणूस चमच्याने गाळ उपसत होता.

त्यांची मुलगी मंजिरी वही उघडून बसली होती. समोर तीन छोट्या तपकिरी बाटल्या होत्या. त्यांवर लेबलं होती चार, पाच आणि सहा.

मंजिरी क्रॉयडनच्या एका कंपनीत सरबतांचे स्वाद बनवायची. लंडनमधल्या एका जपानी दुकानाला चेरीच्या मोहराचं सरबत हवं होतं. बाकीच्यांनी अंग काढून घेतल्यावर काम नव्या मुलीकडे आलं होतं. जमलं तर नोकरी पक्की, नाही तर महिनाअखेरीस निरोप. उद्या, सोमवारी, दुकानाचे ओकादासाहेब चव बघायला येणार होते.

आणि नेमकी घरात सर्दी शिरली होती. मायलेकींनी ती वाटून घेतली होती. आईचा घसा बसला होता आणि मंजिरीचं नाक चोंदलं होतं.

"बाबा, माझा नाक टोटली बंद आहे. I can't taste a thing. तुमचा जीभच पाहिजे."

"तुमची जीभ."

"तेच."

चौसष्ट साली डॉक्टर फेलोशिपवर क्योटोला होते. तिथे प्राध्यापकांच्या मुलीच्या लग्नात त्यांना कपभर कोमट पाणी मिळालं, त्यात खारवलेलं एक फूल तरंगत होतं. त्या एका कपावर ते अठ्ठावीस वर्षं बोलत होते.

"लिही. खरी चव गुलाबी नसते. आधी मीठ. मग गोडसर काहीतरी, नाव सांगता न येणारं. आणि शेवटी घशावरून कुणी मायेने हात फिरवल्यासारखं."

मंजिरीने लिहून घेतलं. चौथ्यांदा.

डॉक्टरांनी चूळ भरली आणि चार नंबरचा घोट घेतला.

"बाथरूम."

पाच नंबर.

"खोकल्याचं औषध. लहान मुलांचं."

सहा नंबर त्यांनी तोंडात बराच वेळ घोळवला. मंजिरीने श्वास धरला, म्हणजे जेवढा जात होता तेवढा.

"हे चेरीचं झाड कधी न बघितलेल्या माणसाने केलंय."

"बाबा, दारात झाड आहे आपल्या!"

खिडकीबाहेर ते झाड फुलून आलं होतं आणि पाकळ्या शेजाऱ्यांच्या गाडीवर पडत होत्या. डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं. "त्याचं काय घेऊन बसलीस? ते इंग्लिश आहे."

एरवी मंजिरी हसली असती. आज तिने वही मिटली.

"It's fine, बाबा. उद्या मी सहा नंबर नेते. काढतील मला. दुसरी नोकरी बघेन."

मग डॉक्टर गप्प झाले. अठ्ठावीस वर्षांत त्या विषयावर ते पहिल्यांदाच गप्प बसले होते. "चहा करतो तुला," म्हणून ते उठले.

सुलक्षणाबाई ईलिंग रोडला भाजीला गेल्या होत्या. घसा बसल्यामुळे आज घासाघीस बोटांनीच करणार होत्या. त्यामुळे दूध डॉक्टरांनाच शोधावं लागलं. त्या फ्रीजमध्ये मार्जरिनच्या डब्यात आमटी असायची आणि आइस्क्रीमच्या डब्यात कणीक. दूध मात्र दुधाच्याच बाटलीत होतं. आणि त्याच्या मागे एक तपकिरी बाटली होती.

"मंजू, ही तीन नंबर इथे कशी?"

"ते तर तुम्ही लास्ट संडे फेल केला. साबण म्हणाला होता."

"मी? बघू जरा."

मुलीचा चेहरा त्यांना पुन्हा बघवत नव्हता, म्हणूनच त्यांनी झाकण उघडलं. एक घोट घेतला. मग सावकाश खुर्चीत बसले. डोळे मिटले.

"बाबा? काय झालं?"

"हीच," डॉक्टर म्हणाले. "अगं, हीच ती चव. मीठ. मग तो गोडसरपणा. मग घसा. तंतोतंत."

"पण गेल्या वीकला..."

"गेल्या आठवड्यात ते कच्चं होतं! मुरलं नव्हतं. लोणचं घातल्या दिवशी खातात का कुणी? आठ दिवस फ्रीजमध्ये बसलं, मुरलं." आणि मग हळूच म्हणाले, "मला वाटायला लागलं होतं, ती चव मीच मनाने रचली की काय."

मंजिरीने ती बाटली टॉवेलात गुंडाळून बॅगेत ठेवली आणि आई परतायच्या आत क्रॉयडनला आपल्या खोलीवर जायची ट्रेन गाठली.

सोमवारी क्रॉयडनला ओकादासाहेबांनी पांढऱ्या पेल्यातून एक घोट घेतला. मंजिरीचा साहेब, कीथ, छताकडे बघत राहिला. मग ओकादांनी चष्मा काढला, पुसला आणि इंग्रजीत म्हणाले, "माझ्या आजीच्या घरी असंच असायचं. या देशात कुणाला हे कळेल, असं वाटलं नव्हतं."

कीथने तिथल्या तिथे मंजिरीचा हात हातात घेतला. नोकरी पक्की. शुक्रवारपर्यंत तीन नंबरचं चाळीस लिटर, अगदी असंच, थेंबाचा फरक नको.

मंजिरीने जेवणाच्या सुट्टीत घरी फोन लावला.

"आई! तीन नंबर पास झाला! जॉब पर्मनंट! बाबांना सांग, तेच राइट होते!"

"देव पावला गं बाई," सुलक्षणाबाई म्हणाल्या. आवाज अजून फाटकाच होता. "सांगते हो त्यांना. इतका आनंद झाला म्हणून सांगू." त्या जरा खोकल्या. "तीन नंबरची म्हणजे ती फ्रीजमधली तपकिरीच ना? तू नेलीस होय! कालपासून शोधतेय मी. मागच्या रविवारी तुझं ते साबणाचं ओतून, धुऊन ठेवली होती. मीठ आणि ज्येष्ठमध उकळून गुळण्यांचं पाणी भरलं होतं त्यात. थोडं उरलं असेल तर येताना आण गं आठवणीने."