दुसरी लाईन

“पाईप चुकीच्या धातूचा होता, एवढं तरी कबूल करा,” क्षिप्रा म्हणाली.

नंदकिशोरनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “हो. चुकीच्या धातूचा होता.”

रबाळ्याच्या त्या रसायनांच्या कारखान्यात क्षिप्रा प्लांट इंजिनिअर होती आणि नंदकिशोर खरेदी बघायचे. इतकी वर्षं भांडून शेवटी कबुली मिळाली होती, तरी तिला बरं वाटेना. प्लांटवरचा ऑपरेटर सिताराम हॉस्पिटलात होता. अ‍ॅसिडच्या लाईनचा बेंड, म्हणजे वळणाचा पाईप, फुटून गरम अ‍ॅसिड त्याच्या उजव्या हातावर उडालं होतं.

नायट्रेशन, म्हणजे नायट्रिक अ‍ॅसिडची प्रक्रिया, झाल्यावर उरलेलं गंधकाम्ल त्या पाईपातून टाकीत जायचं. जुनी लाईन स्टेनलेस स्टीलची. गंधकाम्लाला स्टील पुरं पडत नाही, निकेलचा मिश्रधातू घ्या, महाग असला तरी घ्या, असं क्षिप्रा दर मीटिंगला सांगायची. नंदकिशोर मान डोलवायचे. मालक श्यामसुंदर शेठ म्हणायचे, “चाललीय ना ती? मग कशाला?”

“नशिबाने चाललीय,” ती म्हणायची.

मग ती बाळंतपणाच्या रजेवर गेली. परत आली तेव्हा जुन्या लाईनशेजारी दुसरी लाईन टाकून झाली होती. दोन्हींवर पत्र्याचं आवरण, बाहेरून दोन्ही सारख्याच.

“कशाची टाकलीत?” तिने तेव्हा विचारलं होतं.

“शेठ निकेलला नाहीच म्हणाले,” नंदकिशोर म्हणाले होते. “वर्षभर चालू दे. मग बोलू आपण.”

तिला काय ते कळलं होतं. त्यानंतर ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलायची. कँटीनमध्ये ते दिसले की दुसऱ्या टेबलावर जाऊन बसायची. आणि वर्ष व्हायच्या आतच ही दुसरी लाईन फुटली.

“पाईप मी मागवला, जबाबदारी माझी,” नंदकिशोर आता समोर बसलेल्या शेठना म्हणाले. “राजीनामा देतोय.”

“राजीनाम्याची भाषा नको,” शेठ म्हणाले. “इन्स्पेक्टर येईल तेव्हा सांगू, वॉल्व्ह उघडताना ऑपरेटरची चूक झाली. विषय संपला.”

“सितारामची?” क्षिप्राचा आवाज चढला. “सडका पाईप तुम्ही घालायचा आणि नाव त्याचं घ्यायचं?”

“पुरावा काय आहे मॅडम तुमच्याकडे?”

ती तडक बाहेर आली.

गेटवर सितारामची बायको पुतळाबाई उभी होती. सारसोळ्याहून सकाळीच आली होती, वॉचमनने आत सोडलं नव्हतं.

“मॅडम, डाक्टर सांगतान हात वाचंल, पन बोटं हालनार नाय,” ती म्हणाली. रडत नव्हती. “ह्ये लोकं बोलतान तेचीच चूक हाय. खरा काय ता तुमी सांगा.”

“त्याची चूक नाही. ज्याची आहे त्याचं नाव मी सगळ्यांसमोर घेईन,” क्षिप्रा म्हणाली. “शब्द देते.”

तिने तिथूनच कुलदीपला फोन लावला. कुलदीप धातू तपासायचा. त्याच्याकडचं यंत्र पाईपला टेकवलं की त्यात कोणता धातू किती, ते लगेच पडद्यावर दिसायचं. कशासाठी बोलावतेय, कोणता मिश्रधातू घालायला हवा होता आणि काय घातलं, सगळं तिने त्याला फोनवरच तावातावाने सांगितलं.

दुपारी तो आला. नंदकिशोर प्लांटच्या दारातच उभे होते.

“राहू दे ना, ताई,” ते म्हणाले. आजवर ते तिला मॅडमच म्हणत आले होते. “मी मान्य केलंय सगळं. सितारामच्या बाजूने जे बोलायचं ते मी बोलतो, लिहून देतो. हे कशाला?”

“उद्या तुम्ही फिरलात तर?”

“नाही फिरणार.”

“बाजूला व्हा.”

ते बाजूला झाले. शेठही खाली आले आणि हाताची घडी घालून उभे राहिले. कुलदीपने फुटलेला बेंड पुसला, यंत्र टेकवलं. पडद्याकडे बघून कपाळाला आठी घातली, दुसऱ्या जागी टेकवलं.

“काय झालं?” क्षिप्राने विचारलं. “स्टीलच आहे ना?”

त्याने शेजारच्या जुन्या लाईनचा पत्रा थोडा सरकवला, तिलाही यंत्र लावलं. बोटाने वाजवून पाहिलं. मग फुटलेल्या बेंडपाशी परत येऊन पुन्हा एकदा तपासलं.

“मॅडम, स्टीलची ती जुनी लाईन. ती एकदम ओके आहे,” तो म्हणाला. “ही फुटलेली निकेलची आहे, अ‍ॅसिडात नायट्रिक उरलं की हा धातू टिकत नाही. तुमी फोनवर सांगितलं ना, तोच मिश्रधातू.”