तासाभराचा टायमर
रविवारी जेवून उठताच लेक आईच्या खुर्चीत पेंगायला लागली. “बाबा, जेवण अंगावर आलं.” बायकोही हेच म्हणायची. मी तिला कुंभकर्णाची बहीण म्हणून चिडवायचो. तिची उपाशीपोटीची साखर बरी निघायची, म्हणून जेवणानंतरची आम्ही तपासलीच नाही. मधुमेह कळला तेव्हा किडन्या गेल्या होत्या. मागोमाग तीही गेली. तिचा स्वयंपाकाचा टायमर तासाभराचाच, म्हणून लेकीच्या पहिल्या घासापासून मी तो दोनदा लावला. “माझी सकाळची साखर नॉर्मल आहे,” ती पुटपुटली आणि घोरायला लागली. टायमर दुसऱ्यांदा वाजला. ती हलली नाही. मी तिच्या बोटाला सुई टोचली. दोन तासांनी साखर एकशेचाळीसच्या आत हवी, दोनशे म्हणजे मधुमेह. यंत्रावर एकशेशहाण्णव. “ऊठ, चालायला जाऊ.” “झोपू द्या ना, बाबा.” तिच्या आईला मी झोपू दिलं होतं. चपला आणून मी तिच्या पायाशी ठेवल्या.