तेच तीन दिवस

"त्या तीन दिवसांत खोली नाही म्हणजे नाही," सुदेश फोनवर म्हणाला. "आधी या, नंतर या. तेवढे दिवस सोडून बोला."

अजयने आवाज दाबला. कोल्हापुरातलं त्याचं घर लहान, आणि पलीकडच्या खोलीत त्याची आई सुभद्रा पडून होती. नंतर जमणार नाही, तो म्हणाला. डॉक्टरांनी हात टेकलेत, पंधरवडा निघाला तरी पुष्कळ. तिचं एकच मागणं आहे, माहेरच्या गावात समुद्रासमोर राहायचं.

माडबाग तिचं माहेर. मालवणच्या किनाऱ्यावरचं, सुरूच्या बनाआड दडलेलं गाव. सुदेशचं चार खोल्यांचं हॉटेल तिथं ऐन पुळणीवर होतं. पायरी उतरली की वाळू. मोबाइलवरचे फोटो बघून खोली आईनेच निवडली, आणि दिवसही तिनेच सांगितले. "माका तेच दिवस होयेत," ती म्हणाली होती. "जेवण करूक, वाढूक कोण नको. नुसती चावी दी म्हणान सांग त्याका." कोल्हापुरात उभा जन्म काढला तरी तिची मालवणी सुटली नव्हती. आजारी माणसाचा हट्ट, दुसरं काय, म्हणून अजयने मान डोलावली होती.

आता सुदेशने खरं कारण सांगितलं. त्याच तीन दिवसांत गावपळण होती. दर तीन-चार वर्षांनी देवाचा कौल घेऊन अख्खं माडबाग वेशीबाहेर जातं. माणसं, गुरं, कोंबड्या, सगळी. बाहेर झोपड्या बांधून राहायचं. गावात चूल पेटवायची नाही, दिवा लावायचा नाही. हॉटेलवाला म्हणून सुदेशला त्यातून सूट थोडीच मिळणार होती? दिवस दिवाळीतच ठरले होते, आणि देवाने दिलेल्या दिवसांपुढे कुणाचं काय चालतं!

हे आईला कसं सांगायचं? अजयची छाती होईना. लवकर जाऊ या का, असं त्याने आडून विचारलं, तर ती भिंतीकडे तोंड करून पडली. शेजारच्या गावातल्या चांगल्या हॉटेलचा फोटो दाखवला. तिने बघितलासुद्धा नाही. जेवण तर सुटलंच होतं, त्या दिवशी औषधही तोंडात धरेना. तेवढ्या एका आशेवर ती तग धरून आहे आणि आपल्याला ती साधी गोष्ट जमत नाही, या विचाराने अजय गच्चीवर जाऊन ढसाढसा रडला. मोठा बाप्या माणूस, पण आईपुढे कसलं मोठेपण!

दुसऱ्या दिवशी बायकोला, दीपिकाला, आईजवळ बसवून त्याने मालवणची एसटी धरली.

सुदेशने त्याला भाईंकडे नेलं. भाई गावातले जुने मानकरी, देवळाचा शब्द त्यांच्याकडे. अजयने आईचं नाव सांगितलं तसे म्हातारे ओट्यावरून उठूनच उभे राहिले. धोंडूची लेक सुभद्रा? एसटीच्या कंडक्टरबरोबर पळून गेलेली? धोंडूने पुढे मरेपर्यंत तिचं नाव काढलं नाही आणि गावानेही त्याच्या भीतीने कधी चौकशी केली नाही. हे सगळं अजयला थोडंफार ठाऊक होतं. भाईंचे डोळे भरून येतील, हे मात्र त्याला वाटलं नव्हतं.

तो त्यांच्या पाया पडला. गावपळण पुढे ढकला, म्हणाला. असं मागणं आजवर कुणी केलं नव्हतं. चार मंडळी जमली, कुजबुज झाली, एकदोघांनी नाकं मुरडली. ऐन हंगामात हॉटेलं बंद ठेवावी लागणार म्हणून सुदेशसारखे आतून धुसफुसतच होते, पण देवापुढे तोंड उघडायचं कुणी? शेवटी भाई म्हणाले की माहेरवाशिणीचं मागणं आहे, देवालाच विचारू या.

देवळात गाऱ्हाणं घातलं. गुरवाने देवाच्या अंगावर भिजवलेल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर देव राजी. अजय हात जोडून उभा होता. पाकळी हलेना. मग अलगद सुटली, उजवीच. "होय महाराजा," सगळे एका सुरात म्हणाले. गावपळण वैशाखावर गेली.

निघताना भाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "तुझ्या आवशीक सांग, अख्खो गाव तिची वाट बघता हा. घराघरातून ओटी येतली."

सकाळी अजय घरी पोचला तो हसतच. आईला उशीला टेकवून बसवलं, तिचा हात हातात घेतला आणि सगळं सविस्तर सांगितलं. खोली मिळाली, तेच दिवस मिळाले. तुला कळू दिलं नाही, पण गावपळण आडवी येत होती. तुझ्यासाठी देवाने ती वैशाखात नेली. आता गावात माणूस न् माणूस असेल, वेशीवर तुला घ्यायला येतील.

सुभद्रा ऐकत राहिली. दीपिकाने पुढे केलेला पाण्याचा पेला तिने बाजूला सारला.

"गाव पळाचो नाय?" तिने विचारलं.

"नाही, आई. कोणीच कुठे जात नाही."

ती रागावली नाही, रडलीही नाही.

"पळान लगीन करून पाया पडाक इलंय, तेव्हा बापाशीन माझो हात तुळशीवर ठेवन माझ्याकडसून शपथ घेतल्यान," ती म्हणाली. "गावातलो एक जरी माणूस गावात आसा, तवसर तू हंय पाय ठेवचो नाय. दर गावपळणीक जावचा म्हटला, दर टायमाक काय ना काय आडवा इला. ह्या टायमाक पेपरात दिवस वाचलंय, गाव रिकामो असतलो म्हणान जीव धरून ऱ्हवलंय रे. आणि तू सगळ्यांका घराक बसवन इलंस."